फणसाचं इलेक्शन

२९ ऑक्टोबर, मंगळवार
आज मालकानं आमदारकीचा फॉर्म भरला. पाचवी खेप. यंदाबी अपक्षच. पक्षवाल्यांनी टिकट देतो देतो म्हणून शेवटी बाबूसिंगलाच दिलं. बाबूसिंग म्हंजे आत्ताचा आमदार. असंच व्हणार हे मला आधीच म्हाईत होतं. मला सगळं आधीच म्हाईत असतं, पण इचारतंय कोण?
ही वही आजपून चालू. कोण कसं वागलं ते लिहून ठेवायचं. मी तिसरीपोत्तर शिकले, पण माणूस वळखायला शाळा लागत न्हाई. वही ज्वारीच्या कणगीत ऱ्हाईल. पार्वतीचा हात तिथपोत्तर पुरत न्हाई.
पार्वती म्हंजे माझी धाकटी जाऊ. दिसायला गाय.

३० ऑक्टोबर
आधीचं लिहून टाकते, म्हंजे डोकं रिकामं व्हईल.
पहिली खेप. डिपॉझिट गेलं. कारण, मालकाच्या मामानं दगा दिला.
दुसरी खेप. निवडून आले, बाराशे सोळा मतांनी. कारण, मी. आमचं चिन्ह कपबशी. सोनेरी काठाच्या साडेतीनशे कपबशा आणल्या, गावातल्या एकूण एक बाईला वसरीवर बसवून चहा पाजला, अन खंडोबाचा भंडारा उचलायला लावला. आमच्याकडं हळदीत हात घालून शब्द दिला की बाई मरंल, पण फिरत न्हाई. पाच वर्सं मला सगळे आमदारीणबाई म्हणायचे. मालक विधानसभेत एकदा उभे राहून बोलले, टीव्हीवर दावलं. तवा माझी भाकर करपली.
तिसरी खेप. पडले. कारण, धाकटा दीर, म्हंजे पार्वतीचा नवरा. तो आता वारला, म्हणून जास्त लिहित न्हाई.
चौथी खेप. पडले. कारण अजून शोधून राहिले.
म्हंजे आमी हरलो असं एकदाबी झालं न्हाई. एकदा जिंकलो, तीनदा दगा झाला.

४ नोव्हेंबर, सोमवार
दगा नंबर चार. कपबशी गेली.
कपबशी दोघांनी मागितली, मालकानं अन सटवाजीनं. सटवाजीचं वारंगा फाट्यावर चहाचं हाटेल. त्याला आमदारकीचं काय पडलंय? बाबूसिंगनंच उभा केला असंल, मी लिहून देते. म्हणलं तर लिहूनच राहिले. चिठ्ठी टाकली, ती सटवाजीची निघाली. चिठ्ठ्या घडी घालायच्या टायमाला मालक कुठं बघत होते इचारलं, तर म्हणे खिडकीतून बाहीर. असा माणूस.
आमाला काय भेटलं? फणस.
आमच्या जिल्ह्यात फणसाचं झाड कोणी पाहिलेलं न्हाई. मी एकदा नांदेडच्या बाजारात पाहिला होता, तर मला वाटलं साळींदर मरून पडलंय.
मालक जेवले न्हाईत. म्हणाले, भामे, हे शेवटचं. पडलो तर पुढच्या खेपंला शिवहारला उभा करतो.
शिवहार पार्वतीचा पोरगा. आता समजलं का, कोणाला काय पायजे ते?

६ नोव्हेंबर
वसरी सारवली. कपबशा धुतल्या. तेवीस फुटल्यात, बाकी चांगल्या. उद्यापून बाया बोलावणार.
पार्वती आली. म्हणती, आक्का, यंदा चहा गिलासात द्या. कपबशी आता आपली न्हाई.
मी म्हणलं, काहून? चिन्ह बदललं म्हणून घराची रीत बदलू का? पंधरा वर्सं ह्या घरचा चहा कपबशीत पितेत बाया. आज गिलास हातात दिला तर म्हणतील, आमदारीणबाई खचल्या.
म्हणती, तुमची मर्जी.
तुमची मर्जी म्हणली तेच मला खटकलं. भांडली असती तर समजलं असतं.

९ नोव्हेंबर
पार्वतीनं फणस शिवलाय. पोत्याचा. आत कापूस भरलाय, वर हिरवा रंग, दाभणानं काटे काढलेत. बारशाच्या पोरीसारखा कडंवर घेऊन गल्लीगल्लीत दावत फिरून राहिली. बाया हासून हासून लोळायल्या. शिवहार मोबाईलमधी फोटो काढून राहिला.
फोटोत फणस, पार्वती अन शिवहार. मालकाचा पत्ता न्हाई. मी एकटीच बघून राहिले हे?

१० नोव्हेंबर
फणस ताब्यात घेतला. सामानाच्या खोलीत कुलूप. पार्वतीला म्हणलं, प्रचाराची वस्तू मोठ्या घरात ऱ्हाती.
पुसेगावला माझ्या माहेरी एका बाईनं जावेला बाव्हलीत बिब्बा घालून दिला होता. तवापून मी शिवलेल्या वस्तूवर इस्वास ठेवत न्हाई.

११ नोव्हेंबर
फणस विळीवर फाडला. आत नुसता कापूस. तोबी डागी.
परत टाके घातले. आता फणसासारखा दिसत न्हाई, तक्क्यासारखा दिसतो. पार्वतीला सांगितलं, उंदरानं फाडला. ती नुसती माझ्याकडं पाहत राहिली. मनात काय न्हाई तर माणूस असं पाहतं का?

१४ नोव्हेंबर
काम जोरात. रोज तीस-पस्तीस बाया. चहा अन भंडारा. भंडारा उचलला की मी एक चिंचोका डब्यात टाकते. मालक गावोगाव फिरतेत, जवळा बाजारच्या बाजारात भाषण झालं, आवाज बसला. पण इलेक्शन भाषणानं व्हत न्हाई, वसरीवर व्हतं.
शपथ मी अशी घालते: आमदारीणबाईच्या हातचं घेतलं, त्याला जागीन.
आशाबाईनं हळदीत हात घातला अन इचारलं, बाई, म्हंजे नेहमीसारखंच नं? ही आशाबाई सगळ्यात चौकशीखोर. पाठीमागं बसलेल्या बाया कान देऊन राहिल्या.
मी कपबशी तिच्या हातात ठेवली अन म्हणलं, व्हय गं बाई, नेहमीसारखंच. एवढं काय इचारती?
सगळ्या म्हणल्या, बराबर.

१६ नोव्हेंबर
शिवहार येऊन म्हणतो, काकू, बाया फणसाचं नाव घेईनात. तुमी एकदा फणस फणस म्हणून सांगा.
मी म्हणलं, तू पोट्ट्या मला इलेक्शन शिकवतो? मी तुझं नाक पुसलंय. भंडारा उचललेल्या बाईला एकदा सांगितलेलं पुरतं. सारखं सारखं सांगितलं तर तिला वाटंल, बाईचा आपल्यावर इस्वास न्हाई.
तो पाय आपटत गेला. लिहून ठेवलं.

१८ नोव्हेंबर
प्रचार संपला. चिंचोके मोजले. तीनशे अठरा. आजपोत्तर एवढे कधीच झाले न्हाईत. मालकाला डबा हालवून दावला. ते हासले. किती दिवसांनी.
पार्वतीनं भंडारा उचलला न्हाई. म्हणती, घरातल्या माणसाला कशाला? बघा.

२० नोव्हेंबर, बुधवार
सकाळी सातलाच रांगेत. पहिला नंबर माझा. चष्मा घरी ऱ्हायला. पण फोटोचं काय कौतिक, सगळे एका मिशीचे. आमचं चिन्ह मी लांबूनच वळखलं. दाबलं. लाल लाईट, लांबलचक पीऽऽ. काचेमागं चिठ्ठी आली, अन जुनी वळख निघाल्यासारखं बरं वाटलं.
पार्वतीला मशीनपाशी लई टाईम लागला. साहेबानं दोनदा आवाज दिला, झालं का म्हणून. एवढं काय शोधत होती?
शाळेपुढं बाया भेटल्या. सगळ्यांनी मला लांबूनच अंगठा दावला. आशाबाई तर म्हणली, बाई, पेढे सांगून ठेवा.
ठेवले. पाच किलो.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ३
पडले. एकोणीसशे सात मतांनी.
बाबूसिंग निवडून आला. सटवाजीला सहा हजार दोनशे मतं. सटवाजी हाटेल सोडून कुठं प्रचारालाबी गेला न्हाई!

त्याच दिवशी, संध्याकाळी
मतमोजणीला आमच्याकडून शिवहार बसला होता. त्यानं गावाचा आकडा कागदावर आणला. आमच्या स्वताच्या गावात फणस सत्त्याण्णव.
कपबशी तीनशे एकोणीस.
मालक उठले. दारावरचा फ्लेक्स स्वताच काढला. गावातल्या बाया विकल्या गेल्या. देव सोडणार न्हाई त्यांना.

२४ नोव्हेंबर
सकाळीच आशाबाईच्या दारात गेले. म्हणलं, हळदीत हात घालून खोटं बोलली? झडतील तुझे हात.
ती माझ्यावरच उखडली. म्हणती, तोंड सांभाळून, बाई! आमी शब्दाच्या पक्क्या हावोत. नेहमीसारखं म्हणलं नं तुमी? हातात कपबशी देऊन म्हणलं नं? मग आमी कपबशीच दाबली, सगळ्या वाड्यातल्या बायांनी. दुसरं काय दाबायचं होतं, तुमचं कपाळ?
घरी आले. चिंचोके परत मोजले. तीनशे अठरा.
म्हंजे एकबी बाई फुटली न्हाई. हे मी आधीच म्हणत होते.
पण मतं तीनशे एकोणीस. गडीमाणसं तर सगळी फणसाचीच न्हाईतर बाबूसिंगची, शिवहारनं एकेकाला इचारलंय. मग हे वरचं एक कोणाचं? चिंचोका टाकला न्हाई, अशी गावात एकच बाई.
भंडाऱ्याचं ताट घेऊन पार्वतीकडं गेले. म्हणलं, उचल.
तिनं दोन्ही हात मनगटापोत्तर हळदीत घातले. म्हणली, आक्का, फणसच दाबला. सापडंना लवकर, खालून दुसरा होता.
मग ताट माझ्याकडं सरकवलं. म्हणली, आता तुमी उचला.
चुलीवर दूध होतं. मी उठून आले.

२५ नोव्हेंबर
मालक सकाळी शिवहारला घेऊन बसले होते. पुढच्या खेपंचं बोलून राहिले. आता वसरीवर झोपलेत, तो शिवलेला फणस उशाला घेऊन. पेढे बकऱ्या खाईनात.
चौथ्या खेपंचं कारण आज शोधणार होते. न्हाई शोधत.
फणस खालून दुसरा होता म्हणती पार्वती. असंल. मी पाहिला न्हाई.
कपबशी वरून चौथी होती.