मंगळाची माती आणि माझा पाचवा महिना

२ ऑगस्ट १९७६, अड्याळ

मला नाही पटत! दुपारच्या एस.टी.नं आलेल्या पेपरात छापलंय — मंगळावर उतरलेल्या अमेरिकन यानानं तिथल्या मातीला पातळ खाऊ घातला आणि मातीतून वायू सुटला. म्हणे जीव असू शकतो. वा रे! वायू नुसत्या रसायनांनीही सुटतो. माझ्या आठवीच्या वर्गातल्या पोरींनाही ठाऊक आहे.

५ ऑगस्ट

पोटात काहीतरी फडफडलं. कुणाला सांगितलं नाही.

मागच्या खेपेला सासूबाई, शेजारच्या धुरपताबाई, आमचे हे — सगळे पोटाला हात लावून म्हणायचे, "हालते, हालते!" आणि पोर आतल्या आत केव्हाच गेलं होतं. आता कुणाच्या हातावर विश्वास नाही. माझ्या पोटावरही नाही. गॅस असेल. काल वाटाण्याची उसळ खाल्ली होती.

९ ऑगस्ट

त्या शास्त्रज्ञांचं एक आवडलं. तीच माती भाजून पुन्हा खाऊ देणार. भाजूनही वायू आला, तर जीव नाही. शंका घ्यावी तर अशी!

मीही ठरवलं. आजपासून डाळ, वाटाणा, वांगं बंद. नुसता मऊ भात. तरी फडफडलं तर बघू.

११ ऑगस्ट

सासूबाईंनी ताटच ओढून पाहिलं. "कायले उपाशी राहून राहिली? मले सांग, का लपवून राहिली तू?" पोट बिघडलंय म्हटलं. पटलं नाही त्यांना. नजर ठेवून आहेत.

फडफड नाही.

१२ ऑगस्ट

नाही.

१४ ऑगस्ट

न्हाणीत रडले. तांब्यानं पाणी ओतत राहिले, आवाज जाऊ नये म्हणून. हे दाराशी आले — "काय झालं वो?" काही नाही म्हटलं. मला हे मूल हवंय. इतकं हवंय की भीती वाटते.

५ सप्टेंबर

फडफड पुन्हा सुरू. भातावरही! पण पेपर म्हणतो, मंगळाची माती भाजल्यावर गप्प झाली, म्हणजे जीव असावा; तरी तिच्यात सजीवाच्या देहाचा कणसुद्धा सापडला नाही. झालं, भांडत बसा!

मला असं अर्धवट नको. भंडाऱ्याला दवाखान्यात जायचं रोज ठरवते आणि जात नाही. ठोका सापडला नाही तर?

४ ऑक्टोबर

सासूबाईंनी हाताला धरून एस.टी.त बसवलं. नर्स बायजाबाईंनी पोटाला लाकडी नळी लावून कान टेकवला. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. "दोन ठोके हायत, बाई!" मी म्हटलं, एक माझा असेल. त्यांनी माझी नाडी धरली आणि पुन्हा ऐकलं.

माझा ठोका तिसरा! पोटात दोन जीव.