वडिलांच्या नावावरची रायफल

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोहोचले, वेळेवर जेवते, काळजी नसावी. रायफल मात्र विमानतळावरच अडकली.

तिथल्या साहेबांनी परवाना बघून विचारलं, "ही कोणाची?"

म्हटलं, "वडिलांची."

"मग वडील कुठे आहेत?"

या देशात परदेशी पाहुण्याला स्वतःच्या नावावरचीच बंदूक आणता येते म्हणे. आपल्याकडे तुमचं संमतीपत्र चाललं, इथे त्याला कोणी विचारेना. स्पर्धेचं निमंत्रण दाखवलं, आमच्या मॅनेजरनी हातापाया पडून पाहिलं. साहेबांचं पालुपद एकच, "वडिलांना घेऊन या!" शेवटी पेटीला सील ठोकलं. आता परतताना मिळेल.

मी उसन्या रायफलवर खेळले. दस्ता लांब, ट्रिगर जड. अंतिम फेरी थोडक्यात हुकली. रडले नाही, असं आईला सांगा.

साहेबांनी त्यांचं काम केलं. खरा राग तुमचा आलाय, बाबा. परवाना माझ्या नावावर करा म्हणून मी कधीची कानीकपाळी ओरडतेय, आणि तुम्ही दर वेळी "बघू" म्हणता. तुमचा हात थरथरतो हे मला दिसत नाही, असं वाटतं का तुम्हाला? औषध घेता ना नीट?

आल्या आल्या आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊ. सही वाकडी आली तरी चालेल, तिथे नेम धरायचा नाहीये. आणि सरावाला माझ्यामागे तुम्हीच उभं राहायचं. माझ्या चुका काढायला दुसरं आहे कोण?

तुमच्यावर वैतागलेली, तुमचीच,
धाकटी