पेर्लाची एक्झिट

गुरुवार, ३ जून १९९३

पहिला आला ओलेगारिओच! साडेचारला या म्हटलं की हा चारला दारात. तीस वर्षं रंगमंचाखालच्या खोक्यात बसून प्रॉम्प्टिंग केलं ना, सगळ्यांच्या आधी जागा धरायची खोड गेली नाही. बोलतोही अजून कुजबुजतच. मी म्हटलं, "अरे, इथे कोण ऐकतंय? मोठ्याने बोल." तर म्हणतो, "नेना, मी मोठ्याने बोललो की लोकांना कळायचं, नट वाक्य विसरलाय!"

मग नेलिदा आली, आमची तिकीट-खिडकीवाली. पाऊस लागला होता, म्हणजे पिठाच्या पुऱ्या तळणं आलंच. तेलाचा वास जिन्यापर्यंत गेला म्हणे. नातीने दिलेला रॉकेलचा हीटर लावला. तो धूर करतो, पण पाय शेकतात. गुडघ्यांचं काय सांगू — ते राहू दे.

पेर्ला सगळ्यांत शेवटी. नायिकेने आधी यायचं नसतं ना! शहात्तर वर्षांची बाई, लिपस्टिक लावून, कसर लागलेली फरची कॉलर गळ्यात. आल्या आल्या, "नेना, पुऱ्या जळल्या वाटतं." आणि खाल्ल्या पाच.

येर्बाच्या कडू चहाचा भोपळा एका हातातून दुसऱ्या हातात फिरायला लागला आणि मेलेल्या माणसांच्या गप्पा सुरू झाल्या. दर गुरुवारी कुणी ना कुणी निघतोच. आज पिरिंचो. काय विनोदी नट होता! त्याला नेताना शवपेटी थिएटरच्या दारात अडकली. एक जण म्हणे तिरकी करा, एक म्हणे मागे घ्या. रडणारी माणसं हसायला लागली, मग टाळ्या. ओलेगारिओ म्हणतो, "शेवटचा हशा घेतल्याशिवाय गेला नाही पठ्ठ्या."

त्यावरून पेर्लाने तिचा स्टेजवरच्या जिन्याचा किस्सा काढला. बारा पायऱ्या, डोक्यावर पांढरी पिसं, ती खाली उतरतेय आणि सगळं थिएटर उभं! शंभरदा ऐकलंय. आज कुठून दुर्बुद्धी झाली, मी म्हटलं, "टाळ्या तुला नव्हत्या गं, पिसांना होत्या. आणि ती पिसं मी धुतलेली."

नेलिदा खो-खो हसली. मीही.

पेर्लाने भोपळा खाली ठेवला. कोट घातला. मान ताठ. दारात क्षणभर थांबली — थांबते तशीच — आणि गेली. एवढंसुद्धा म्हणाली नाही की येते.

शुक्रवार, ४ जून

पुऱ्या उरल्या त्या शेजारणीला दिल्या. पेर्लाचा काही निरोप नाही.

गुरुवार, १० जून

आली नाही.

तिची खुर्ची हीटरजवळच ठेवली होती. नेलिदा म्हणाली, "जाऊन बघून यायचं का?" ओलेगारिओने हात आडवा केला. आमच्यात रीतच आहे — रागाने एक्झिट घेतलेल्या माणसाच्या मागे विंगेत जायचं नाही. मागे गेलात तर तिची एक्झिट तुम्ही खाल्लीत. तिला वाटेल तेव्हा ती परत एन्ट्री घेईल, आपण फक्त जागा मोकळी ठेवायची. पन्नास साली रुसली होती तेव्हा तीन आठवडे बोलली नव्हती माझ्याशी! मग एके दिवशी थिएटरात मी कपडे धुवायचे त्या खोलीत येऊन उभी, जसं काही झालंच नाही. "नेना, हा काचोळीचा हूक लाव."

मी म्हटलं, बरोबर आहे. येईल.

रविवार, १३ जून

नातीने विचारलं, तुझी ती पिसांवाली मैत्रीण बरी आहे ना. मी म्हटलं रुसलीय. खोटं नाही, पण तोंड कडू झालं.

गुरुवार, १७ जून

आज मी बटाट्याचं आम्लेट केलं, तिला आवडतं तसं, आत ओलसर. थंड होऊन गेलं. ओलेगारिओ कुणा मेलेल्या जादूगाराचं सांगत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही. जिन्यावर पाय वाजला की मी दाराकडे. वरचा प्लंबर होता.

शेवटी म्हटलं, गेली ती रीत खड्ड्यात! शनिवारी जाऊ.

शनिवार, १९ जून

गेलो. ती खोली घेऊन राहायची त्या लॉजची मालकीण दार अर्धवट उघडून म्हणते, "ती? तिला अँब्युलन्स घेऊन गेली. पाच तारखेलाच."

पाच तारखेला! म्हणजे माझ्याकडून गेल्याच्या तिसऱ्या दिवशी.

"कुठे नेली?" "ते मला काय माहीत? सरकारी दवाखान्यात असेल. भाडं आगाऊ द्यायची, मी नाव विचारलं नाही. सगळे पेर्ला म्हणायचे."

सरकारी दवाखान्यात गेलो. काचेमागच्या पोराने वही पालथी घातली. "पेर्ला मारीना नावाचं कुणी नाही, आजी." नेलिदा खवळली, "अरे, पेर्ला मारीना! सबंध माँतेव्हिदेओ शहर ओळखायचं तिला!" तो म्हणाला, "आडनाव सांगा."

आम्ही तिघं तिच्या बरोबर, चाळीस वर्षं. आडनाव कुणालाच माहीत नाही! पोस्टरवर पेर्ला मारीना, पगाराच्या पाकिटावर पेर्ला मारीना, मी तिच्या अंगरख्याच्या आत दोऱ्याने घातलं तेही पे. मा. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं पाठ — त्यालाही नाही.

खालच्या बाकावर तासभर बसलो. मग आणखी दोन दवाखाने. तिथेही नाही.

मंगळवार, २२ जून

नेलिदा कलाकार संघाच्या कचेरीत जाऊन बसली. जुनी रजिस्टरं उपसली. धावत आली, धाप लागलेली — "तेचेरा! रामोना तेचेरा! जन्म ताकुआरेंबो."

रामोना. शेळ्या राखणाऱ्या पोरीचं नाव. म्हणून सांगितलं नाही वाटतं कधी.

रात्रभर तेच तोंडात घोळवलं. उद्या चुकायला नको.

बुधवार, २३ जून

तो काचेमागचा पोरगाच होता. नाव सांगितल्याबरोबर बोट एका ओळीवर थांबलं. मला बरं वाटलं! वाटलं, सापडली.

दुसरा मजला, अकरा नंबर. मेंदूत रक्त साकळलं होतं. वीस तारखेला, रविवारी सकाळी गेली.

मी म्हटलं, पण आम्ही शनिवारी इथे होतो. याच बाकावर. तो मान खाली घालून कागद शोधत बसला. वर ती होती. जिवंत. मध्ये एक जिना.

शुक्रवारपर्यंत कुणी आलं नाही तर बेवारशांच्या खड्ड्यात टाकणार होते. ओलेगारिओ त्या पोराला म्हणाला, "आम्ही आलोय." मोठ्याने. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

शुक्रवार, २५ जून

दफनभूमीत कलाकारांच्या भिंतीत, पेट्या ठेवायच्या कोनाड्यांत, जागा मिळाली, वरून तिसरी रांग. पाटीवर दोन्ही नावं घाला म्हटलं मी, आधी पेर्ला.

आम्ही तिघं, संघाचा एक माणूस आणि कोनाडा बुजवायला दोन गवंडी. रिवाज आहे, पेटी आत जाताना टाळ्या. पण हात उचलेना कुणाचा. थंडी, गळणारी नाकं. ओलेगारिओ माझ्या कानाशी कुजबुजला, "नेना, तुझी सुरुवात."

वाजवल्या. नेलिदानेही. गवंड्यांनी थाप्या खाली ठेवून वाजवल्या, ती कोण हे ठाऊक नसताना. पिसं नव्हती काही नव्हती. मी मोठ्याने म्हटलं, ह्या तुलाच गं.

पण ऐकायला ती हवी होती ना. रागातच गेली ती माझ्यावर. हे आता कुणाला पुसता येणार नाही.

सोमवार, २८ जून

तिच्या वस्तू आणायला बोलावलं होतं. कंगवा, चष्मा, लिपस्टिक, ओळखपत्र. बरोबर दाखल करतानाचा कागद. जवळचे नातेवाईक, त्यापुढे नर्सने लिहिलंय — "बहीण. नेना."

नर्स म्हणाली, "एक बाजू गेली होती, पण बोलायची. रोज सांगायची, नेनाला बोलवा, ती घरीच असते. आम्ही विचारायचो, नेना कोण, पूर्ण नाव काय? तिला सांगता यायचं नाही. रागवायची आमच्यावर. म्हणायची, नेना म्हणजे नेना!"

माझं नाव एर्मेलिंदा सिल्वेइरा. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

ओलेगारिओला आणि नेलिदाला फोन केला. दोघंही येतो म्हणाले. गुरुवारी, एक तारखेला.