उकिरड्यावरचा दुधी

आत्या, परवा दुधी चिरताना देठाकडची पहिली चकती मी तोंडात टाकली, चावली, गोड निघाली, आणि मग बाकीचा दुधी विळीवर धरला. शेजारी माझी सून उभी होती. म्हणाली, "आई, कच्चाच काय खाताय?" मी म्हटलं, दुधी कधी कधी कडू निघतो, आणि कडू दुधी पोटात गेला तर विषासारखा असतो, म्हणून चिरायच्या आधी चाखायचा, कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खा दुधी टाकून द्यायचा. ती म्हणाली, हे माहीतच नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, सासूबाईंनी. तिथंच थांबले. पुढचं तिला सांगितलं नाही, तुमच्या लेकालाही इतक्या वर्षांत सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी कन्हेरीत तुमच्या घरी सून म्हणून आले तेव्हा माझी आई जाऊन चार महिने झाले होते. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून वडिलांनी घाई केली. आमचं गाव इंदापूरकडचं, तुमची माणसं कुणाला नीट ठाऊक नव्हती, पण मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे एवढ्यावर ठरलं. लग्नातलं मला फारसं काही आठवत नाही. आई गेल्यापासून मला भूक लागत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. कुणी काम सांगितलं की करायचे, नाही सांगितलं की बसून राहायचे. शेजारच्या बायका तुम्हाला म्हणायच्या, सून गरीब हाय, शब्दाला शब्द देत न्हाय. तुम्ही नुसत्या बघायचात. मामंजी मी यायच्या आधीच गेलेले. घरात आपण तिघंच, आणि हे शिफ्टला गेले की दोघीच.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मला घरामागं नेलंत. न्हाणीचं पाणी जिकडं वाहायचं तिकडं तुम्ही चार वाफे पाडले होते. भेंडी, वांगी, घेवडा, अळू, कडेनं शेपू आणि चुका, आणि तुराट्यांच्या मांडवावर दुधी. "हितं बस," तुम्ही म्हणालात. "काय करू नगंस. बघ." मी दगडावर बसले आणि बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही माझ्या हातात खुरपं दिलंत. माझं कुणी सांत्वन केलं नाही असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. आता वाटतं, सांत्वन म्हणतात ते तेच असावं, पण तेव्हा मला ते नुसतं खुरपं होतं.

तुम्ही शिकवायचात ते सगळं मला पाठ आहे. आपल्याकडं पूर्वी मेंढरं होती, ती मामंजींच्या हयातीतच विकली गेली, पण चुलत दिरांचा कळप वाटेनं जाताना आपल्या जागेत बसायचा. त्याच्या लेंड्या तुम्ही पोत्यात भरून ठेवायचात आणि मुरल्याशिवाय वापरू द्यायचा नाहीत. "ताजं खत घातलं की मुळी जळती." मावा पडला की चुलीतली राख चाळून सकाळच्या दवात पानांवर उडवायची. लाल भोपळ्याच्या वेलाला नुसती फुलं येऊन गळायला लागली तेव्हा तुम्ही मला उन्हं चढायच्या आत उठवून नेलंत, एक फूल तोडलंत, त्याच्या पाकळ्या सोलल्यात आणि आतला पिवळा दांडा दुसऱ्या फुलात हलक्या हातानं फिरवलात. "ज्याच्या बुडाला बारकं डांगर दिसतं त्यातच फिरवायचं. माशा न्हाईत तर आपुन माशी व्हायचं." दुधीचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे फुटतात आणि फळं त्यांनाच जास्त लागतात. बियाणाचा दुधी वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत खुळखुळला पाहिजे. आणि स्वयंपाकात काही वाया नाही. दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी, घेवड्याच्या जून शेंगांतले दाणे आमटीत, चुक्याची देठं डाळीत.

एकदाच रागावलात. मी घेवड्याची शेंग ओढून तोडली आणि अर्धा वेल खाली आला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "दुसऱ्या हातानं येल धर आन मग तोड. त्येला बी दुखतं." मी वर बघितलं. तुम्ही विचारलंत, "तुला दुखतंय का?" मनगटाबद्दल विचारताय असं समजून मी नाही म्हटलं.

त्याच पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला एक दुधी आपोआप उगवला. कुणी लावला नव्हता. आपल्या मांडवावरच्या दुधीपेक्षा त्याची पानं काळीभोर, वाढ जोरदार. तुम्ही बघितलात आणि म्हणालात, "ह्यो उपटून टाक. आपोआप आलेल्या दुधीचा भरवसा न्हाय, कुठल्या रानदुधीचं बी असंल, कडू निघतो." मी व्हय म्हटलं आणि उपटला नाही. वेलाची दया आली असं काही नाही. उपटायला उठावं असंही मला वाटलं नाही, एवढंच. पंधरा दिवसांनी तो कुंपणावर चढला आणि आपल्या मांडवाच्या वेलात मिसळला. मग कुठला दुधी कुठल्या वेलाचा हे लांबून कळेना.

त्या दिवशी तुम्ही आठवडी बाजाराला बारामतीला गेला होता. जाताना म्हणालात, दुधी तोडून हरभऱ्याची डाळ घालून भाजी कर. मी कुंपणाकडचा दुधी तोडला, कारण तो हाताशी होता. तुम्ही शिकवल्याप्रमाणं देठाकडची चकती कापून तोंडात घातली. मग उरलेला चिरला आणि फोडणीला टाकला. तुम्ही दुपारी उन्हातून आलात, पाय धुतलेत आणि लगेच जेवायला बसलात. पहिल्या घासाला थांबलात.

"कडसर लागतंय गं. चाखला व्हतास का?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग मेथ्या जास्त पडल्या असतील फोडणीत," तुम्ही म्हणालात आणि अख्खी भाकरी त्या भाजीबरोबर खाल्लीत. ताटात काही टाकायचं नाही ही तुमची रीत. मी ताकात भाकरी कुस्करून चार घास खाल्ले. ते रोजचंच होतं.

तासाभरात तुम्हाला उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग पाणी, मग रक्त. तुम्ही न्हाणीच्या दगडाला धरून बसला होता आणि मी तुमच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. शेजारच्या काकूंनी आरडाओरडा करून डेअरीचा टेम्पो थांबवला. दुधाचे कॅन एका बाजूला सरकवून तुम्हाला मधे झोपवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, दुधी. कुणी कुणी खाल्ला? मी म्हटलं, आत्यांनी एकट्यांनी. ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले आणि आत गेले.

हे शिफ्टवरून थेट तिथं आले. मला व्हरांड्यात एका बाजूला घेऊन म्हणाले, "काय घातलं होतंस भाजीत?" मी सांगितलं, तेल, मोहरी, मेथ्या, डाळ, मीठ, हळद, तिखट. ते म्हणाले, "आणखी काय?" मी म्हटलं, दुधी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. एसटीडी बूथवरून सुप्याला वन्संच्या सासरी फोन गेला होता, संध्याकाळपर्यंत त्या आल्या. आल्या आल्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आईनं खाल्लं आन हिनं न्हाय. आसं कसं? घरात दोघीच, आन एकीलाच बाधा?" शेजारच्या काकूंनी मान खाली घातली. माझ्या वडिलांना निरोप धाडायचं ठरलं. मला माहेरी पाठवणार, किंवा पोलीस नेणार, हे मला समजत होतं. पण मी दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकत असल्यासारखी बाकावर बसले होते.

विषबाधा म्हटल्यावर दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. तुम्हाला सलाईन चालू होतं, ओठ फुटले होते. हे आणि वन्सं पायथ्याशी उभे होते, मी दाराशी.

"मावशी, कुणावर संशय हाय का?"

"हाय की," तुम्ही म्हणालात. "दुधीवर."

"भाजी कुणी केली?"

"पोरीनं केली. मी सांगितली तशी केली. उकिरड्यावरचा येल मीच राखलेला. दुधी मीच तोडून दिला आन बाजाराच्या घाईत चाखायचा इसरले. कडू लागला तरी खाल्ला, ही माजीच चूक. लिवा."

वन्सं मधे बोलल्या, "मग हिनं का खाल्ला न्हाय ते इचारा."

तुम्ही मान वळवलीत. एवढ्या अशक्तपणात तुमचा आवाज चढला. "तिची आय मरून वरीस झालं न्हाय. घरात आल्यापासनं धड जेवलेली बघितली न्हाय मी तिला. तू जेवली व्हतीस का गं, तुजा बाप गेला तवा?"

हवालदारांनी लिहून घेतलं आणि ते गेले. तुम्ही डोळे मिटलेत. माझ्याकडं बघितलं नाहीत.

आठ दिवसांनी तुम्ही घरी आलात. टेम्पोतून उतरून घरात न जाता तशाच मागं गेलात आणि पायरीवर बसलात. मला म्हणालात, "आता उपट." मी कुंपणावरचा वेल मुळापासून उपटला, मांडवातल्या वेलातून एकेक फांदी सोडवून काढली, त्यात दुपार गेली. तुम्ही पूर्ण वेळ बसून होता. झाल्यावर म्हणालात, "हात धू." बस. त्यावर तुम्ही पुन्हा कधी एक शब्द बोलला नाहीत.

पण त्यानंतर दुधी चिरायच्या वेळी तुम्ही स्वतः कधी चाखला नाहीत. चकती कापून माझ्या हातावर ठेवायचात आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबायचात. मी चावायची आणि म्हणायची, गोड हाय. मग तुम्ही चिरायला घ्यायचात. सहा वर्षं, जेव्हा जेव्हा दुधी केला तेव्हा तेव्हा. वन्सं एकदा म्हणाल्या, "आये, तू चाख की. हिच्यावर कशाला सोडतीस?" तुम्ही म्हणालात, "तिची जीभ चांगली हाय." तुमचं पोट पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. तिखट सोसेना, वांगं चालेना. मी तुमच्यासाठी वेगळं करायची, मऊ भात, दुधी जिऱ्यावर, डांगराची पातळ भाजी. तुम्ही ते मुकाट्यानं खायचात.

पुढं पक्षाघाताच्या झटक्यानं तुम्ही दोन दिवसांत गेलात. घरात माणसं जमली, वन्सं जमिनीवर डोकं आपटून रडल्या. मला रडू आलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते म्हणून मी पदर तोंडाला लावला, पण आत काही नव्हतं. आईच्या वेळीही नव्हतं. वन्संचं आणि माझं नंतर बरं जमलं. अजून दर वर्षी त्या बियाणं मागतात. घर पाडून आम्ही बारामतीत राहायला आलो, गच्चीवर पिंपांत माती भरून मी भेंडी आणि घेवडा लावते. दुधी लावत नाही, विकत आणते.

आता राहिलेलं. मी इतकी वर्षं स्वतःला असं सांगत आले की आई गेल्यापासून माझ्या तोंडाला चवच नव्हती, सगळं सारखंच कडू लागायचं, त्यामुळं त्या दिवशीची चकती कडू लागली तरी मला ते आपल्या तोंडाचं वाटलं. वन्संनी नंतर कधी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि त्यांना पटलंही असतं. पण त्या सकाळी तुम्ही बाजाराला जायच्या आधी आपण दोघींनी चहा घेतला होता, आणि तो गोड लागला होता. गूळ जास्त झाला म्हणून मी थोडं पाणीही घातलं होतं. तोंड ठीक होतं. दुधी कडू होता हे मला कळलं होतं. तुमचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, आत्या, माझ्या मनात काहीच नव्हतं. तो टाकून दुसरा तोडायला मांडवापर्यंत जावं लागलं असतं, आणि मी गेले नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. आणि तुम्ही असता तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं? तुमच्या भावाची पत्रं यायची ती मीच पायरीवर बसून वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुम्ही मांडी घालून ऐकत बसला असता, आणि चहापर्यंत आले असते तेव्हा मी तेवढ्या ओळी गाळून पुढचं वाचलं असतं.