फुलीवाली खुर्ची खरी

माननीय व्याहीबुवा यांस,

हात जोडून नमस्कार, आणि विहीणबाईंना वेगळा नमस्कार (मागच्या पत्रात त्यांना तुमच्याच नमस्कारात गुंडाळले म्हणून त्या दोन दिवस फुगून होत्या असे लेकीकडून कळले, मनात काही नव्हते, कागद संपत आला होता). तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले हे वाचून जिवात जीव आला. औषधाचे थेंब घालताना मान चांगली मागे टाकत जा. माझ्या एका गिऱ्हाइकाने मान सरळ ठेवली आणि अर्धी बाटली मिशांनी प्यायली. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. जावईबापूंच्या डोक्याला ओरखडासुद्धा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना तुमचा डोळा फडफडणार नाही. घाबरायचे जेवढे होते तेवढे मी घाबरून घेतले आहे.

टीव्हीवर दर गुरुवारी लागायची ती दोन पोलिसांची मालिका तुम्हाला आठवत असेल. त्यातला जाडा पोलीस दर वेळी ऐटीत खुर्चीवर बसायचा आणि खुर्ची मोडायची, आणि आपण दर वेळी असे हसायचो की जणू मागच्या गुरुवारी ती मोडलीच नव्हती. त्या सगळ्या खुर्च्या माझ्या हातच्या. चार वर्षे मी दर आठवड्याला एक मोडकी खुर्ची नवी करकरीत बनवून दिली. आता वीस वर्षांनी त्याच मालिकेचा सिनेमा निघतो आहे. कोणी मागितला होता देव जाणे. मालिकेत दोन पोलीस आणि एक खुर्ची एवढ्यावर भागत होते. सिनेमात अकरा मोटारी जळतात, एक हेलिकॉप्टर तळ्यात पडते आणि जाड्या पोलिसाच्या जागी एक पहिलवान नायक आणला आहे, ज्याच्या शर्टाला वरची तीन बटणेच शिवलेली नाहीत. खुर्ची तेवढी ठेवली, नाहीतर लोक विचारतील. फक्त पूर्वी ती बुडाखाली मोडायची, आता डोक्यावर मोडणार. यालाच सुधारणा म्हणतात. आणि डोके कोणाचे, तर तुमच्या चिरंजीवांचे. मार खाण्याच्या कामात त्यांचे आता नाव झाले आहे. गच्चीवरून पडायचे असो की जिन्यावरून गडगडायचे असो, आधी त्यांनाच बोलावतात. (लग्नाच्या वेळी तुम्ही मुलगा ‘पडते घेणारा’ आहे म्हणाला होता, ते इतके खरे असेल असे वाटले नव्हते.)

मी दोन खुर्च्या करून दिल्या. एक भरीव लाकडाची, नायकाने बसून पाय हलवायची. दुसरी हलक्या लाकडाची, आतून करवतीने कापून सांधे नुसते मेणाने चिकटवलेली. ती डोक्यात घातली तर भुगा पडतो, माणूस पडत नाही. दोन्हींना एकच पॉलिश. चूक नको म्हणून भरीव खुर्चीच्या बैठकीखाली खडूने फुली मारली. आम्हा सुतारांत फुली म्हणजे हिच्या वाटेला जाऊ नका. त्या दिवशी दुपारी सेटवरच्या सामानवाल्याचा फोन आला. “बाबा, दोन्ही जुळ्या बहिणी दिसतायत. खरी कुठली?” माझ्या हाताला सरस लागलेला, कानाशी फोन खांद्याने दाबलेला. म्हटले, “फुलीवाली खरी. दुसरी नुसती देखाव्याची.” तो म्हणाला बरं, आणि मी हात धुऊन जेवायला बसलो.

तिसरा घास तोंडात होता, व्याहीबुवा, तो तिथेच राहिला. कारण मला त्यांची भाषा आठवली. त्या लोकांत ‘खरी’ म्हणजे कॅमेऱ्यापुढे जाणारी, म्हणजे मोडायची. मजबूत असते तिला ते ‘तालमीची’ म्हणतात. चार वर्षे मीसुद्धा तेच बोलत होतो. पुढची वीस वर्षे लोकांची कपाटे करण्यात गेली आणि शब्द डोक्यात पुन्हा सरळ झाला. म्हणजे मी माझ्या तोंडाने सांगितले होते की सात किलोची भरीव खुर्ची माझ्या जावयाच्या डोक्यात घाला. फोन लावला तर बंद. शॉट चालू असला की सगळे फोन बंद करतात.

मी धावलो. (या वयात त्याला धावणे म्हणावे का हे सोडा, एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात लेकीची.) शूटिंग आमच्या मागच्या रस्त्यावरच्या गोदामात होते, म्हणूनच लेक-जावई सध्या माझ्याकडे उतरले आहेत. दाराशी लाल दिवा लागलेला. दारवाला म्हणाला, “दिवा लाल आहे आजोबा, आता यमराज आला तरी बाहेर थांबेल.” घास गालात सारून म्हटले, “अरे, तो कधीचा आत गेलाय!” त्याला वाटले मी कुणा नटाबद्दल बोलतोय, त्याने यादी काढली. तो यादीत यम शोधत असताना मी मागच्या दाराने, जिथून जेवणाचे डबे येतात तिथून आत शिरलो.

आत कोणी चकार शब्द काढत नव्हते. खोट्या पोलीस ठाण्यात जावईबापू पाठमोरे उभे, खांदे सैल सोडून, मान जराशी वाकवून. सासऱ्याने खुर्ची केली आहे म्हणून निर्धास्त. मागे नायकाने खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली. खाली फुली आहे की नाही हे मला दिसेना, चष्मा ताटाजवळ राहिला होता. हातातल्या वजनावरून नायकाला कळायला हवे होते, पण त्या दंडांना दोन किलो काय आणि सात किलो काय. कोणीतरी आकडे मोजू लागले. मी ओरडायला तोंड उघडले तर तो तिसरा घास अजून तोंडात. तीन झाले, दोन झाले. मी गेलो आणि त्या खुर्चीच्या मागच्या पायाला लोंबकळलो.

नायकाला वाटले ही दिग्दर्शकाने ऐन वेळी घातलेली गंमत आहे. तो मला खुर्चीसकट दोनदा गरगर फिरवून मोकळा झाला. शेवटी खुर्ची खाली आली तेव्हा पुन्हा कोणी उचलू नये म्हणून मी तिच्यावर बसलो. धाडकन बसलो. खुर्चीचे हूं की चूं नाही. म्हणजे भरीवच ती. मी ओरडलो, “ही खरी आहे! खरी!” दिग्दर्शक माझ्याहून मोठ्याने ओरडले, “खरी आहे म्हणूनच उचलली ना! शॉट खऱ्यावरच घेतात!” “अहो, माणूस मेला असता!” “खरीने माणूस मरत नाही, बाबा!” सामानवाला मधे पडला, “तुम्हीच म्हणालात फुलीवाली खरी.” असे आम्ही तिघे एकच शब्द एकमेकांवर फेकत बसलो. अखेर जावईबापूंनी वाकून बैठकीखाली बोटाने वाजवून पाहिले. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. “बाबा,” ते एवढेच म्हणाले, आणि मटकन शेजारच्या खुर्चीवर बसले. असो. देवाची कृपा. दिग्दर्शकांनी मला चहा पाजला आणि पुढच्या वेळी खुर्चीबरोबर चिठ्ठी पाठवा म्हणाले.

बाकी विशेष काही नाही. थंडीला जपा. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांच्या पायांवर डोके.

तुमचा व्याही

ता. क. – वर ओरखडा नाही असे लिहिले आहे ते डोक्यापुरतेच. जावईबापू ज्या शेजारच्या खुर्चीवर बसले ती साहजिकच दुसरी होती, म्हणजे माझी मेणाची. ती ठरल्याप्रमाणे मोडली. माझे काम चोख होते. त्यांचा डावा हात मनगटाशी मोडला आहे, प्लास्टर घातले आहे, डॉक्टर सहा आठवडे म्हणतात.

ता. क. दुसरा – पत्र खरे म्हणजे यासाठी लिहिले. सोमवारी जावईबापू प्लास्टर लांब बाहीत लपवून चालत्या ट्रकवर उडी मारणार आहेत. लेक रडून थकली, मी ओरडून थकलो. त्या लोकांना पडणारे पन्नास मिळतील, आम्हाला जावई एकच आहे. तरी तुम्ही ताबडतोब त्यांना लिहा की माझ्या छातीत दुखते, सहा आठवडे येऊन राहा. ते तुमचा शब्द मोडणार नाहीत. आणि मी सांगितले हे कळू देऊ नका.

ता. क. तिसरा – माझे शुद्धलेखन चौथीपर्यंतचेच, म्हणून पत्र उजव्या हाताने तपासा असे जावईबापूंना सांगितले. मी दिली होती सुरुवातीची पाने. त्यांनी शेवटचे पान उलटले. ता. क. दुसरा दोनदा वाचला. मग पेन्सिल घेऊन म्हणाले, “छातीत दुखतं असं लिहू नका बाबा, आई घाबरेल. गुडघा लिहा.” आणि बॅग कुठे आहे ते लेकीला विचारायला आत गेले. तरी वर जिथे जिथे छाती आहे तिथे तुम्ही गुडघा वाचावे.