बाई म्हणाल्या

रविवार, २२ फेब्रुवारी
दुपार

प्रिय ठेंगू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. त्याबद्दल तू मनातल्या मनात वाहिलेली लाखोली इथवर पोचली. मी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की फक्त मला सांगण्यापुरते?

इकडची मोठी बातमी म्हणजे ओढ्यात पाणमांजरांची जोडी दिसली. मी वॉर्डन असताना तू आणि मेहुणे आमचे राष्ट्रीय उद्यान बघायला आला होतात तेव्हा सहलीची वाट त्या ओढ्याच्या काठाने जायची. मेहुणे तिथेच घसरले, पँट फाटली आणि परत येईपर्यंत तुझी शाल गुंडाळून ऐटीत चालत होते. ती वाट पुढे मी बंद केली. पाटी लावली नाही. पाटी लावली की आत काय आहे ते माणसाला बघावेसे वाटते. तोंडाशी एक वाळके झाड आडवे टाकले आणि तिकडे कोणीही फिरकायचे नाही, आम्हीसुद्धा नाही, एवढा एकच नियम केला. गार्डांना हे कामच वाटेना. पण जंगल राखण्याचे निम्मे काम हात मागे बांधून उभे राहण्याचे असते. आता ती वाट शोधायला गेले तर मलाही सापडत नाही.

तर तुझे पत्र. मागची खोली त्या नर्सला भाड्याने द्यायची की माझ्यासाठी ठेवायची, ते महिनाअखेरपर्यंत कळव, असे तू लिहिलेस. आणि खाली, 'तुला जंगल सख्खं आणि मी सावत्र.' ते वाचून आधी हसू आले, मग गेले.

त्याचे उत्तर देते. आधी चहा टाकते.

सोमवार, सकाळ

काल चहाला उठले आणि परत पत्राकडे आलेच नाही.

फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मला नेमके मध्येच थांबायला निमित्त हवे असते.

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये दर रविवारी आपण घरी पत्र लिहायचो, आणि मदर ते वाचून मगच पाकीट बंद करायच्या, आठवते? पहिल्या वर्षी तू माझ्या पलंगावर येऊन रडायचीस आणि पत्रात लिहायचीस, 'मी मजेत आहे. इथे सूप मिळते.' आई ते सूप शेजारणींना कौतुकाने सांगायची. मदर जाऊनही जमाना झाला, पण मी अजून त्यांनी वाचले तरी चालेल असेच लिहिते. तूही काही कमी नाहीस. मेहुणे गेल्यापासून तू टेबलाशी बसतच नाहीस, ओट्याशी उभी राहून जेवतेस, हे मला तुझ्या लेकीकडून कळले. तुझ्या पत्रात मात्र 'जेवण वेळेवर होते'.

आज मदरना जरा खोलीबाहेर बसवते आणि लिहिते.

निवृत्त झाल्यावर मी उद्यानाच्या फाटकासमोरच घर घेतले, तेव्हा तू म्हणाली होतीस, 'ही कसली निवृत्ती? खुर्ची नुसती रस्त्यापलीकडे नेलीस.' बरोबर बोललीस. कामावर जाता जाता गार्ड माझ्या व्हरांड्यात टेकतात, विचारतात, मी सांगते. माझ्या जागी आलेली वॉर्डन तरुण आहे, हुशार आहे, कमी बोलते. तिलाही सगळे 'बाई'च म्हणतात. पण वायरलेसवर 'बाई' म्हणजे इतकी वर्षे मीच होते. मी निवृत्त झाले, त्या शब्दाला निवृत्त करायचे राहून गेले.

गेल्या महिन्यात जाळरेषा काढायचे दिवस होते. म्हणजे उन्हाळ्यातला वणवा पसरू नये म्हणून गवताचा एक लांब पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा. पुढे आग आली तरी तिला तिथे खायला काही मिळत नाही. नव्या बाईंनी सांगितले होते की पाण्याचा टँकर दुरुस्त होऊन येईपर्यंत थांबा. हे मला माहीत नव्हते. मुकादम सकाळी दाराशी आला, तेव्हा मी आभाळाकडे बघून म्हटले, 'वारा पडलाय. आजच उरकून टाका.' अगदी सहज, आज गारठा आहे म्हणावे तसे. त्याने वायरलेसवर कळवले, 'बाई म्हणाल्या, आजच.' कोणत्या बाई, हे कोणी विचारले नाही. आणि मुकादमाच्या लेखी तर बाई एकच.

दुपारी वारा उठला. आगीने पट्टा ओलांडला आणि मोठे कुरण पेटले. टँकर नाही. ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत आग विझवली. माणसे सुखरूप आहेत. मुकादमाच्या भुवया जळाल्या, त्यामुळे त्याला काहीही सांगितले तरी तो थक्क झालेला दिसतो. पण चंडोल जमिनीवर घरटे करतो, ठेंगू, गवताच्या बुडाशी. दुसऱ्या दिवशी मी कुरणात जाऊन आले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वरून विचारणा झाली, तेव्हा नव्या वॉर्डनने आदेश आपलाच होता असे सांगून टाकले. हे मला मुकादमाने सांगितले, तिने नाही. ती घरी आली तेव्हा मी बोलणी खायला कान तयार ठेवले होते. तिने चहा घेतला, खिडकीतून फाटक किती छान दिसते म्हणाली. मग कप खाली ठेवला.

'बाई, त्या दिवशी वारा उठला नसता, एक काडीही जळली नसती, तरी मला हे बोलायला यावंच लागलं असतं. तुम्ही समोर आहात तोवर मी इथे पाहुणी आहे.'

मी म्हटले, 'मग मी काय करावं म्हणतेस?'

'ते मी तुम्हाला कसं सांगू?' ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला तर राग आला होता. तो आता कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी मीच तिला आणखी चहा दिला.

आयुष्यभर मी लोकांना 'मागे व्हा' सांगत आले. घरट्यात कॅमेरा खुपसणाऱ्यांना सांगितले, हरणाला बिस्किटे चारणाऱ्यांना सांगितले. सगळ्यांचे उत्तर एकच असायचे, 'आम्हाला आवडतं म्हणून तर.' मी म्हणायचे, आवडतं ना, मग लांबून आवडू द्या. किती तोऱ्यात म्हणायचे गं. त्या लोकांचे चेहरे आता एकेक आठवतात.

तर आता उत्तर. घरमालकांना मी घर सोडते म्हणून सांगितले आहे. तू खोली नर्सला दिली असलीस तरी मी इथे राहणार नाही, दुसरीकडे बघेन. तुझ्यावर बोजा पडू नये म्हणून हे आधी करून टाकले.

दोन वर्षे तू बोलावतेस आणि मी 'पिल्ले उडू देत', 'उन्हाळा जाऊ दे' करत राहिले. आता येते म्हटले, की तू म्हणशील, तिकडे नकोशी झाली म्हणून इकडे आली. ते खरे आहे. काल मी वेगळेच लिहिणार होते, की तुझी फार आठवण येते म्हणून येते. तेही खरेच आहे. पण ते आधी लिहिले असते तर बाकीचे लिहायला मी धजले नसते. आणि तुझ्याकडे यायचे तर सगळी मी यायला हवी, फक्त चांगली अर्धी नको.

मी पहाटे उठून खिडक्या उघडते. तुझ्या कुंड्यांना नावे ठेवीन. धाकटीच्या घरात राहायचे कसे, ते मला येत नाही. शिकेन.

विचार करून उत्तर दे. नाही म्हणालीस तरी चालेल, असे लिहायला हात पुढे झाला होता.

चालणार नाही गं.

तुझी,
ताई