साल न घातलेलं पाणी

अम्मची, येशूची स्तुती असो.

मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस ना?

काल इथल्या वाचनालयाच्या अंगणात विज्ञानदिन झाला. मांडवाचा खर्च नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याने केला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांचे शास्त्रज्ञ पॉलोस सर म्हणाले, "गावच्या विहिरी आम्ही तपासल्यात. अडाण्यासारखं घाबरू नका, विज्ञानावर विश्वास ठेवा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, शाळेत विज्ञान मीच शिकवते ना!

मग ग्रंथपाल लीलाम्मा चेचीने त्यांच्यापुढे पेला ठेवला. आपल्या घरी असतं तेच, पतिमुगमच्या झाडाची साल घालून उकळलेलं गुलाबी पाणी. सरांनी पेल्याला हातसुद्धा लावला नाही.

"प्या की सर, तुम्ही तपासलेल्या विहिरीचंच आहे," चेची म्हणाली.

"तहान नाही हो," म्हणाले, आणि गाडीत बसताच स्वतःची पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तू नाताळला इकडे येऊ नकोस, मीच येते. उगाच काळजी करू नकोस, मी पाणी उकळूनच पिते. सरांचं ऐकून आज मीही विज्ञानावर विश्वास ठेवला. त्याच विहिरीचं पाणी साल न घालता उकळलं आणि पांढऱ्या वाडग्यात ओतून पाहिलं.

तरी ते गुलाबीच होतं.

तुझी,
बिन्सी